रजिस्टरातले सात ‘होय’

२७ सप्टेंबर १९६८, शुक्रवार

आग! आमच्या लाँचवर! टँकर लागलेला असताना!

कोणी मेलं नाही. हे आधी लिहून टाकतो. सव्वीस माणसं लाँचवर होती. बहुतेक मढच्या बायका, मासळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन घरी निघालेल्या. सगळ्या उतरल्या, निम्म्या तर चिखलात उड्या टाकून. एकीचा पाय मुरगळला. आणि लाँच चालवणाऱ्या हरेश्वर तांडेलांचे दोन्ही हात भाजले. कोपरापर्यंत.

कमळनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, थोडी आग लागली होती, विझली. जेवण गेलं नाही. बायकोला जे सांगता येत नाही ते वहीला सांगतोय. शूर आहे मी!

क्रमानं लिहितो. महिन्यातून दोन शुक्रवारी वडाळ्याहून टँकर वर्सोव्याच्या धक्क्यावर येतो. पूर्वी डिझेल पिंपातून यायचं. ‘सागरलक्ष्मी’ ही आमची लाँच आली तेव्हापासून टँकर आणि टँकरसोबत हेड ऑफिसचं छापील रजिस्टर. त्यात सात प्रश्न. इंजिन बंद केले काय? प्रवासी उतरविले काय? दिवे, स्टोव्ह, विड्या विझविल्या काय? काठी घालून टाकीचे माप घेतले काय? टँकरची अर्थिंगची तार जोडली काय? नळीचा सांधा तपासला काय? टाकीच्या तोंडाशी माणूस उभा आहे काय? प्रत्येकापुढे होय किंवा नाही. खाली वेळ आणि धक्का मास्तरची सही. धक्का मास्तर म्हणजे मी.

आणि मी ते रजिस्टर दुपारी जेवण झालं की भरतो. टँकर यायच्या आधी! सातही ‘होय’. वेळ अंदाजानं.

का? तर गेल्या वर्षी टँकरपाशी उभा राहून भरायचो, तेव्हा हाताचं तेल पानाला लागायचं. हेड ऑफिसातून मेमो आला — ‘पान ४१ वर तेलाचे डाग आढळले. नोंदवही स्वच्छ ठेवावी.’ माझं अक्षर शाळेपासून नावाजलेलं. तो मेमो असा झोंबला की त्या दिवसापासून हात साबणानं धुऊन, टेबलाशी बसून, आधीच लिहून मोकळा होतो. मग एकही डाग नाही. साहेबांनी एकदा शाबासकीसुद्धा दिली.

आज टँकर चारला आला. नेहमीच्या वेळेला. भांगाचं पाणी जवळ आलंय, भरती धड चढत नाही. धक्क्याला लाँच तरंगते ती जेमतेम दीड तास. ओहोटी लागली की चिखलात बसते आणि मढची माणसं इकडेच अडकतात. म्हणून घाई. बायका आधीच चढून बसल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. मी म्हटलं, बसू दे.

मग हरेश्वर तांडेल केबिनच्या दारात आले. केबिनमध्ये फळीवर देवी आहे, पितळेची, वीतभर. नवरात्र, म्हणून अखंड दिवा. विझू नये म्हणून ते आणि भिकाजी खलाशी पाळीपाळीनं लाँचवरच झोपतात. फळीला हिरवा खण लावलेला, थेट खाली टेकलेला.

“मास्तर, दिवा हाय. इझवू?”

विचारलं त्यांनी! आपणहून विचारलं!

मी म्हटलं, “राहू दे. नवरात्रातला दिवा कुठे विझवतात? डिझेल काडीनंसुद्धा पेटत नाही.”

आमच्याकडे गावी नवरात्रात दिवा गेला तर आई दिवसभर तोंडात पाणी घेत नसे. कुठल्या तोंडानं सांगणार, विझव? आणि ते डिझेलचं खरंच आहे. टँकरच्या ड्रायव्हरनं, चंद्रप्रकाशनं, एकदा बादलीत जळती काडी टाकून दाखवली होती. फुस्स झाली.

काठी घातली नाही. पितृपक्षात सहलीच्या फेऱ्या झाल्याच नव्हत्या, टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती. ते लक्षातच आलं नाही. टाकीच्या तोंडाशी मी उभा होतो, पण पाट्यांवरून दोघी भांडायला लागल्या म्हणून तिकडे गेलो. तेवढ्यात डिझेल उतू गेलं. फळ्यांवरून वाहत केबिनच्या दाराखालून आत. खणानं ते पिऊन घेतलं. डिझेल काडीनं पेटत नाही, पण कापडात मुरलं की वात होते. रोज संध्याकाळी घरात वात बघतो मी. आणि मला हे सुचलं नाही!

तांडेलांनी फळी, देवी, दिवा, जळता खण — सगळं दोन्ही हातांनी उपटलं आणि खाडीत फेकलं. चंद्रप्रकाशनं कॉक बंद केला. भिकाजीनं ओल्या गोणपाटांनी बाकीचं विझवलं. मी काय केलं? मी ओरडत होतो. काय ओरडत होतो तेही आठवत नाही.

रजिस्टर धक्क्यावर टेबलावर तसंच आहे. आजचं पान स्वच्छ. दिवे विझविले काय? होय. वेळ चार वाजून पाच मिनिटे.


२८ सप्टेंबर

सकाळी धक्क्यावर पोचलो तेव्हा रजिस्टर अजून माझ्याच ताब्यात होतं. तास-दीड तास. पेन उघडून बसलो. तिसऱ्या ‘होय’चा ‘नाही’ करायचा, बस. केला नाही. मनात काय आलं असेल? खाडाखोड दिसेल! हात भाजलेला माणूस इस्पितळात आणि मला खाडाखोडीची पडलेली.

दहाला हेड ऑफिसचा शिपाई आला, रजिस्टर घेऊन गेला.

संध्याकाळी इस्पितळात गेलो. तांडेलांचे हात म्हणजे दोन पांढरी गाठोडी. मला बघून उठायला गेले. मी म्हटलं, पडून राहा. बायको मथुरा उशाशी, पदरानं वारा घालत होती. ते तिसऱ्यांदा मला विचारत होते — “सगल्या उतरल्या ना, मास्तर? कोन राह्यली नाय ना?”

मी म्हटलं, सगळ्या उतरल्या.

“देवी मिलाली?”

दिव्याबद्दल एक अक्षर नाही. माझ्याबद्दल नाही. मी संत्री ठेवली आणि निघालो. ती सोलणार कशी, हे बसस्टॉपवर आल्यावर सुचलं.


२९ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. तरी गेलो. ओहोटीला भिकाजी मांडीभर चिखलात देवी चाचपत होता. मीही उतरलो. सापडली नाही. माझी एक चप्पल मात्र खाडीनं ठेवून घेतली.


१ ऑक्टोबर, दसरा

अंधेरीभर गाड्यांना झेंडूचे हार. रिक्षा, टॅक्सी, बेस्टच्या बसेस, पिठाच्या गिरणीलासुद्धा हार. ‘सागरलक्ष्मी’ला नाही. केबिन काळी पडलेली, सुतार काम करतोय.

भिकाजी सांगत होता, मढला कुजबुज सुरू झालीय. हरेश्वरनं नवरात्रात देवीला खाडीत टाकली, जळता दिवा टाकला, आता त्याच्या घराचं काही खरं नाही. ज्या बायका त्याच्यामुळे वाचल्या त्यांच्यातल्याच काही हे बोलतात! भिकाजी चिडून थुंकला. मी मान खाली घालून सोनं वाटलं आणि घरी आलो.

ती कुजबुज माझ्या नावानं व्हायला हवी होती.


४ ऑक्टोबर, शुक्रवार

चौकशी. फोर्टला, हेड ऑफिसात. मोठं टेबल, वर पंखा, कागद उडू नयेत म्हणून साहेबांनी पितळी बोट ठेवलेली. साहेब गोरेगोमटे, पाण्यात कधी पाय घातला नसेल असे. टेबलावर रजिस्टर उघडं.

तांडेल आले होते, हात गळ्यात बांधलेले. ते सरळ बोलले. “मी मास्तरला इचारला. मास्तर बोलले राहू दे.” एवढंच. आवाज चढवला नाही की तक्रारीचा सूर नाही. पाणी किती आहे असं विचारल्यावर सांगतात तसं.

भिकाजीनंही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, तू त्यांचा सोयरा ना? झालं. चंद्रप्रकाश म्हणाला, मी खाली टँकरपाशी होतो, काही ऐकलं नाही. खरंही असेल.

मग साहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “चार वाजून पाच मिनिटांनी दिवा विझल्याची तुमची नोंद आहे. म्हणजे त्यानंतर कोणीतरी परत लावला. ही नोंद बरोबर आहे?”

पंख्याचा आवाज येत होता. डिसेंबरात माझी नोकरी कायम व्हायची आहे. कमळला सातवा लागलाय. हे सगळं डोक्यात एकदम आलं असं लिहिलं तर खोटं होईल. काहीच आलं नाही. फक्त भीती. शाळेत छडी दिसल्यावर येते तशी.

मी म्हटलं, “होय साहेब.”

तांडेलांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याला नीट ऐकू आलं की नाही, अशा चेहऱ्यानं पाहिलं. त्यानंतर साहेबांनी काहीही विचारलं तरी ते बोलले नाहीत.

त्यांचं तांडेलकीचं सर्टिफिकेट जप्त. पुढची तारीख अठरा.


५ ऑक्टोबर

सात कागदावर आणि एक तोंडानं. आठ झाले.


८ ऑक्टोबर

तांडेलांना ताप भरलाय. उजव्या हाताला पू झाला. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस बघू.

हे ऐकलं आणि माझ्या मनात काय आलं ते लिहितो. लिहिलंच पाहिजे. मनात आलं — हा माणूस गेला तर सगळं मिटेल. पूर्ण वाक्य आलं, अर्धवट नाही. मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

ज्यानं सव्वीस माणसं वाचवली त्याच्या मरणाची वाट बघणारा मी. आणि माझं अक्षर सुंदर!


१० ऑक्टोबर

ताप उतरला. देवा, ताप उतरला.


११ ऑक्टोबर, शुक्रवार

टँकरचा दिवस. बदली तांडेल म्हणून मार्व्याचे गुणाजी आलेत. थोडे आखडू, पण काम जाणतात.

आज सगळं जसं करायचं तसं केलं. आधी प्रवासी उतरवले. बायका कुरकुरल्या — “मास्तर, उनात काय आमची सुकट करताव?” मी म्हटलं, करतो. सगळ्यांना धक्क्याच्या पार टोकाला नेलं आणि मधे दोरी बांधली. इंजिन बंद. भिकाजीचा स्टोव्ह खाली आणवला. गुणाजींच्या कानामागची विडीसुद्धा काढून घेतली. टाकीत स्वतः काठी घातली, पुसली, परत घातली. कुठवर भरायचं ती खूण खडूनं काठीवर केली, वर एक दशांश जागा सोडली. अर्थिंगची तार घासून जोडली, गंजावर चिकटवून चालत नाही. सांध्याखाली वाळूची बादली. मग चंद्रप्रकाशला म्हटलं, सोड, पण हळू.

चंद्रप्रकाश हसला. “क्या मास्तर, आज पहली बार लगीन लागतंय का टाकीचं?”

मी टाकीच्या तोंडावरून हललो नाही. धक्क्याच्या टोकाला दोघी भांडल्या, भांडू दिल्या. डिझेल खडूच्या खुणेला आलं तसा हात वर केला, त्यानं कॉक बंद केला. थेंब सांडला नाही. पाऊण तास जास्त लागला. ओहोटीआधी लाँच सुटली, मढला वेळेवर पोचली.

पाऊण तास! तेवढ्यासाठी.

हेड ऑफिसनं पाठवलेलं नवं रजिस्टर तिथेच उभ्यानं भरलं. एकेक गोष्ट झाली की एकेक ‘होय’. पानावर अंगठ्याचा ठसठशीत काळा डाग. पुसला नाही.

जाताना चंद्रप्रकाश स्टिअरिंगवर बसून जरा थांबला. म्हणाला, “मास्तर, मैंने सच में सुना नहीं. सुना होता तो बोलता.” माझ्याकडे न बघता बोलला. म्हणजे त्यानं ओळखलंय.


१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मथुरा घरी आली. मढहून अंधेरीला, पत्ता विचारत विचारत. कमळनं चहा केला. ती खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच टेकली.

तिचं म्हणणं असं. हेड ऑफिसातल्या कोणा कारकुनानं भिकाजीला सांगितलंय — तांडेलानं चूक कबूल करून माफी मागितली तर वर्षभरानं सर्टिफिकेट परत मिळेल. नाही मागितली तर कायमचं गेलं. पाण्यावर परत पाय नाही. तर माफीचा अर्ज लिहायचा. दिवा विझवला होता, मीच मागाहून लावला, चुकलो. असा.

“पण त्यांनी लावला नव्हता ना,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

“नव्हता,” ती म्हणाली. “पन आता काय करता? त्यांचे हात बांधलेत, पेन धरवत नाय. ते बोलले, मास्तरकडं जा. त्यांचा अक्षर चांगला हाय.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. खोचून बोलत नव्हती. खरंच अक्षरासाठी आली होती. आणि मला वाटतं तांडेलांनीही खोचून पाठवलं नव्हतं. किंवा पाठवलं असेल. असेल तर बरोबर केलं त्यांनी.

तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. घरात तेव्हापासून तिनं दिवा लावलेला नाही. “तो खन मी आनलेला, मास्तर. लांब होता, मीच बोल्ले जमिनीला टेकू दे, शोभतो. मी नसता आनला तर?” आणि रडायला लागली. ही बाई पंधरा दिवस हे मनात घेऊन फिरतेय! खणामुळे आग लागली, आपल्यामुळे नवऱ्याचे हात गेले!

मी म्हणायला हवं होतं — बाई, खण नाही, मी. कमळ समोर होती. मी म्हटलं, उद्या लिहून आणतो.


१४ ऑक्टोबर

लिहिला. चांगल्या फुलस्केपवर, समास सोडून.

‘मी, हरेश्वर तांडेल, नम्रपणे कबूल करतो की धक्का मास्तर यांनी नियमाप्रमाणे दिवा विझवून घेतल्यानंतर मी अज्ञानाने व श्रद्धेपोटी तो पुन्हा लावला. झाल्या चुकीबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होत आहे.’

पश्चात्ताप हा शब्द लिहिताना पेन अडकलं. पहिला कागद फाडला, दुसरा लिहिला. कुंपणानंच शेत खायचं आणि वर शेताकडून माफी लिहून घ्यायची!

संध्याकाळच्या लाँचनं मढला गेलो. तांडेल ओट्यावर बसले होते. मी वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला. म्हणाले, “झकास लिवलाव, मास्तर.” सही जमणारी नव्हती, अंगठाही लागेना, पट्टी होती. मग मथुरेनं त्यांच्या पट्टीतून बाहेर आलेली करंगळी शाईत बुडवून टेकवली. भिकाजीनं साक्ष सही केली. सही करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला जेवून जा म्हणाले. मी नाही म्हटलं. पाणी प्यायलो आणि आलो.


१६ ऑक्टोबर

कमळला सांगितलं. सगळं. दिवा, रजिस्टर, साहेब, अर्ज.

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. सूप खाली ठेवलं नाही. मला वाटलं, रडेल, किंवा म्हणेल, आता गप्प राहा, डिसेंबर तोंडावर आहे. एका मनानं मी त्याचीच वाट बघत होतो. म्हणजे उद्या स्वतःला सांगता आलं असतं, बायकोसाठी गप्प बसलो!

ती म्हणाली, “ती बाई माझ्या हातची चाय पिऊन गेली. मगे तुमी तेच्यासमोर गप ऱ्हवलास?”

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

“जाऊन खरां काय तां सांगा. पोराक बापूस होयो.”

मग सूप घेऊन आत गेली. तेव्हापासून बोललेली नाही. भात मात्र मऊ केला होता.


१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं! साहेबांच्या तोंडावर सांगितलं!

साहेबांनी अर्ज वाचायला घेतला आणि मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. दिवा विझलाच नव्हता. तांडेलांनी मला विचारलं, मीच राहू दे म्हटलं. रजिस्टर मी टँकर यायच्या आधीच भरतो. माप घेतलं नव्हतं. प्रवासी उतरवले नव्हते. चूक माझी. एका दमात बोललो. 

साहेबांनी चष्मा काढला. वाटलं, आता तोडतील.

ते हसले. म्हणाले, “शामसुंदर, तुमचं मन मोठं आहे. गरीब माणसाची दया येते. पण असं चालत नाही.”

मी म्हटलं, दया नाही साहेब, खरं सांगतोय.

त्यांनी रजिस्टर पुढे केलं. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

अर्ज पुढे केला. “आणि हे?”

“माझंच.”

“चार तारखेला इथं याच खुर्चीपाशी, नोंद बरोबर आहे, असं कोण म्हणालं?”

“मी.”

“मग तुमच्या दोन कागदांवर आणि एका जबानीवर विश्वास ठेवू, की आजच्या भाषणावर?”

रजिस्टर इतकं स्वच्छ, साहेब म्हणाले, की घाईत किंवा आधी भरलेलं वाटत नाही. आधी भरलेलं! मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मी म्हटलं, स्वच्छ आहे म्हणूनच आधी भरलेलं आहे. त्यांना ते कळलं नाही. सोबत नेलेल्या नव्या रजिस्टरातला अकरा तारखेचा काळा अंगठा दाखवला. त्यावर म्हणाले, हो, याबद्दल तुम्हांला मेमो जाणार आहे.

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. साहेबांचा चेहरा बदलला. तांडेलांकडे वळून म्हणाले, “एकीकडे माफी मागता आणि दुसरीकडे मास्तरवर दबाव आणून त्याला खोटं बोलायला लावता? तुमची माणसं रोज धक्क्यावर, हा माणूस तिथं एकटा. आम्हांला कळत नाही का?”

तांडेल उभे राहिले. “साहेब, मी कवा—” एवढंच बोलले आणि थांबले. त्या टेबलासमोर त्यांच्या बोलण्याचं काय होतं ते त्यांनी चार तारखेला पाहिलं होतं.

निकाल दिवाळीनंतर, पंचवीस तारखेला. दबाव सिद्ध झाला तर वर्षभर नाही, कायमचं.

जिन्यात मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांना हात जोडता येत नाहीत. म्हणाले, “मास्तर, आता कशाला बोललाव? तवा बोलायचा व्हता.”

रागावले नव्हते. समजावून सांगत होते.


१९ ऑक्टोबर

तवा बोलायचा व्हता.


२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

चाळीत फटाके. मी गॅलरीत उभा राहून मेंदू शिणेपर्यंत विचार केला. कोण आहे साक्षीला? भिकाजी सोयरा. चंद्रप्रकाशनं ऐकलं नाही. बायका पुढच्या बाजूला होत्या. दिवा होता हे बघितलेल्या सगळ्यांना तो होताच म्हणून आठवतो, परत लावलेला की मुळात विझलेलाच नाही, हे कोण सांगणार? ते सांगू शकणारा जगात एकच माणूस, आणि त्यानं आपली पत घालवलेली.

सत्तावीस तारखेच्या दुपारपर्यंत मागे जाता आलं असतं तर!


२२ ऑक्टोबर, पाडवा

मढला गेलो. मथुरेला खणाचं सांगितलं. म्हटलं, खणानं काही केलं नाही, दिव्यानंही नाही. मी काठी घातली नाही आणि तुमच्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा राहू दे म्हटलं. एवढं आणि एवढंच कारण. चार तारखेला मी खोटं बोललो.

तिला हे सगळं ठाऊक होतंच. नवऱ्यानं सांगितलं होतं. पण माझ्या तोंडून ऐकताना ती ओट्याच्या कडेला बसली. मग म्हणाली, “तुमी त्या दिशी माज्या हातावर मारला असता तरी चाल्ला असता, मास्तर. मी तुमच्या उंबऱ्याशी बसून त्या खनाला रडले आनि तुमी बघत ऱ्हायलाव.”

मी म्हटलं, होय.

तिनं जा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. तांडेल आत होते. बाहेर आले नाहीत. परतीच्या लाँचमध्ये गुणाजींनी करंज्या दिल्या, त्या हातातच राहिल्या.


२४ ऑक्टोबर १९६८, गुरुवार

साहेब,

आजवर ही वही मी फक्त स्वतःसाठी लिहीत होतो. उद्या सकाळी निकालाआधी ती तुमच्या टेबलावर ठेवणार आहे. पहिली नोंद आगीच्या दिवशी रात्री लिहिलेली आहे. तेव्हा चौकशी नव्हती, तांडेल इस्पितळात होते, माझ्यावर दबाव आणायला कोणी नव्हतं. शाई तपासून घ्या. एकही पान काढलेलं नाही. आठ तारखेचंसुद्धा नाही, ते काढलं असतं तर बाकीच्यावरही तुम्ही विश्वास ठेवला नसता. तुमच्याबद्दल लिहिलंय तेही वाचावं लागेल, त्याला इलाज नाही.

वाचून झाली की वही मला परत नको. हरेश्वर तांडेलांना द्यावी. त्यांना वाचता येतं.